गोचीड काढणारे हात

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडाईची यात्रा भरते. ती उरकली की बालाघाटाच्या या माळावर ऊन करपवायला लागतं आणि त्याच सुमाराला वाशी तालुक्यातल्या गोठ्यांतून एक तक्रार रोज यायला लागते : "साहेब, गाय वैरण तोंडात धरीना. अंग तापलंय. अन् गोचिडानं नुसती भरलीय बघा." पावसाळा सरेपर्यंत ही तक्रार थांबत नाही. मी पशुधन पर्यवेक्षक. गावाच्या भाषेत ढोरांचा डाक्टर. याच भागात वर्षानुवर्षं गोठे फिरलो, त्यामुळे गोचीड मला नवा नाही. तरीही त्याच्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते जनावरांपेक्षा माणसांबद्दल जास्त आहे. गाईला ताप आला की तिच्या अंगावर गोचीड आहे का, हे आधी बघितलं जातं. तोच गोचीड रोज हाताने काढणाऱ्या माणसाला ताप आला, तर त्याला ही गोष्ट सहसा कुणी विचारत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही.

वाशी, भूम, कळंब हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. सोयाबीन, तूर, ज्वारी आणि पाणी असेल तिथे ऊस. शेतीचा भरवसा नाही म्हणून दूध आलं. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी खव्यासाठी आणि पेढ्यासाठी लांबवर माहीत आहे. खव्याच्या भट्ट्यांना लागणारं दूध याच पंचक्रोशीतल्या गोठ्यांतून जातं. एकेका घरी दोन-तीन जर्सी नाहीतर एच.एफ. संकरित गाई, एखादी म्हैस, चार-सहा शेरडं. जिल्हा 2023 मध्ये धाराशिव झाला, पण ही काळीभोर, जुळी करडं देणारी शेळी सगळीकडे उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. राहतं घर आणि गोठा यांच्यात बहुतेक ठिकाणी एकाच भिंतीचं अंतर असतं. ती भिंत दगडमातीची असली तर तिच्या प्रत्येक सांदीत गोचिडाला जागा असते.

गोचीड काढायचं काम बहुधा घरातल्या बाईकडे. पहाटे धार काढायला बसलं की कास समोरच असते. कासेवर, मांडीच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या बुडाशी, गळ्याखालच्या पोळीत आणि कानाच्या आत तो चिकटलेला दिसतो. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरायचा, उपटायचा आणि दोन नखांमध्ये चिरडायचा. रक्त पिऊन टच्च झालेली मादी एरंडीच्या बीएवढी होते. ती नखाने फुटत नाही, मग दगडावर ठेवून दगडाने फोडतात. काळपट रक्त बोटांवर उडतं. ते दाव्याला किंवा पदराला पुसून त्याच हाताने पुन्हा धार काढायची. त्या बोटांना आधीच भेगा असतात, विळ्याचे ताजे काप असतात. पोरंसोरं शेरडांच्या कानातले गोचीड काढून काडेपेटीत जमवतात. म्हातारी माणसं मांडीवर चढलेला गोचीड बोलता बोलता काढून टाकतात आणि बोलणं पुढे चालू राहतं.

एका काकूंना मी म्हटलं, "काकू, हातात काहीतरी घालत जा." त्या धार काढता काढताच म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली काढतेय लेकरा. आपल्या गाईचंच रगत हाय, इख थोडंच हाय?" मला त्यांचं म्हणणं कळत होतं. जिच्या दुधावर घर चालतं, जिला आजारपणात पोरीसारखं जपलं, तिच्या रक्ताची किळस का यावी? भीती घालून अशा माणसाची सवय बदलत नाही. त्याला सगळं नीट उलगडून सांगावं लागतं, आणि ते मी इथे करून बघतो.

आधी जनावराचं. ज्याला आम्ही दवाखान्यात गोचीड ताप म्हणतो तो मुख्यतः थायलेरिया नावाच्या एकपेशीय जंतूचा आजार. गोचीड रक्त पितो तेव्हा त्याच्या लाळेतून हा जंतू गाईत उतरतो. ताप 105 ते 107 फॅरनहाइटपर्यंत जातो. खांद्याच्या पुढची लसिकागाठ हाताला मोठी लागते. गोठ्यात शिरल्यावर माझा हात आधी तिथेच जातो. पुढे रक्त कमी होतं, डोळ्यांची आतली बाजू पांढरी फटक पडते, कधी पिवळी. कानाच्या शिरेतून काचपट्टीवर थेंब घेऊन प्रयोगशाळेत रंगवला की पेशीत जंतू दिसतो. बुपार्वाक्वोनचं इंजेक्शन वेळेवर पडलं तर गाय उठते. उशीर झाला तर जाते, आणि कर्ज काढून आणलेली गाय गेली म्हणजे काय झालं हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. संकरित गाई यात पटकन सापडतात. देवणी, लाल कंधारी ही आपल्याकडची जनावरं बऱ्याच अंशी तगून जातात. संकरित वासरांसाठी याची लसही आहे. लाल लघवी करणारी गाय दिसली तर शंका बबेसियाची घ्यायची. तोही जंतू गोचिडाच्याच अंगातून येतो.

हा थायलेरियाचा ताप माणसाला होत नाही, हे मी प्रत्येक घरी स्पष्ट सांगतो, कारण गाईला गोचीड ताप आला म्हटल्यावर दूध ओतून देणारी घरंही मी पाहिली आहेत. पण इथेच काळजीची गोष्ट सुरू होते. आपल्या गाईत थायलेरिया सोडणारा जो गोचीड आहे, तपकिरी अंगाचा, पायांवर फिकट पट्टे असलेला, त्याचं शास्त्रीय नाव हायलोमा अनाटोलिकम. काँगो तापाचा विषाणू वाहून नेणारे गोचीडही याच हायलोमा कुळातले. साधा, ज्याला गावात काळा गोचीड म्हणतात, तो आपलं सगळं आयुष्य बहुतेक एकाच जनावरावर काढतो. हायलोमा तसं करत नाही. वाढीच्या टप्प्यात तो जनावरावरून उतरतो, भिंतीच्या फटीत शिरतो, कात टाकतो आणि पुन्हा नवं शरीर शोधायला निघतो. खाण्यावाचून तो महिनोन्महिने तग धरतो. भुकेने बाहेर पडलेल्या त्या गोचिडाला गाय सापडली काय नि गोठ्यात खाट टाकून झोपलेला माणूस सापडला काय, सारखंच.

काँगो तापाचं पूर्ण नाव क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप. 1944 मध्ये क्रायमियात तो लक्षात आला, 1956 मध्ये काँगोत त्याचा विषाणू सापडला, आणि पुढे दोन्ही एकच असल्याचं ठरल्यावर हे जोडनाव पडलं. आपल्या देशात तो पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो जानेवारी 2011 मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यातल्या कोलाट गावात. त्या गावातली एक बाई तापाने आणि रक्तस्रावाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांनाही लागण झाली आणि तेही गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निदान केलं, आणि मग आजूबाजूच्या जनावरांच्या रक्तातही त्या विषाणूच्या खुणा मिळाल्या. त्यानंतर गुजरात आणि राजस्थानात हा आजार अधूनमधून डोकं वर काढत राहिला. सप्टेंबर 2020 मध्ये गुजरातमधल्या रुग्णांची बातमी आली तेव्हा शेजारच्या पालघर जिल्ह्यात पशुसंवर्धन खात्याने सावधगिरीचा इशारा काढला होता. करोनाच्या धामधुमीत तो फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही, पण आम्हा गोठ्यात काम करणाऱ्यांनी तो नीट वाचला.

त्यातली एक गोष्ट मला फार गंभीर वाटली, आजही वाटते. काँगोचा विषाणू अंगात असलेलं जनावर आजारी दिसत नाही. ताप नाही, खाणं बंद नाही, दूध कमी नाही. थायलेरियात गाय आपल्याला सांगते की मला काहीतरी झालंय. इथे ती काहीच सांगत नाही. माणसाला मात्र गोचीड चावून, तो उघड्या हाताने चिरडून, किंवा जनावर कापताना रक्ताचा संपर्क येऊन लागण होते. एकदम जोराचा ताप, अंगदुखी, मान आणि पाठ भरून येणं, गरगरणं, आणि काही दिवसांनी नाका-हिरड्यांतून रक्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शंभरातले दहा ते चाळीस रुग्ण दगावतात. दोन नखांत गोचीड चिरडणाऱ्या काकूंना मी हातात काहीतरी घाला म्हणतो ते याच्यासाठी. धोका रोजचा नाही, पण ज्या दिवशी असेल त्या दिवशी तो ओळखू येणार नाही.

आता रोजच्या धोक्याकडे येतो. तो काँगोपेक्षा कितीतरी साधा, आणि म्हणूनच जास्त नजरेआड राहिलेला.

सुगी झाली की आमच्याकडे धनगरांचे कळप येतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो. लेंडीखत शेताला मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. जाळीचा वाडा, त्याच्या कडेला घोड्यावरून उतरवलेला संसार, कोकरं झाकायची डालगी आणि राखणीची कुत्री. मेंढरांना लसी टोचायला मी अशा वाड्यांवर जातो. एका हिवाळ्यात अशाच एका ओळखीच्या वाड्यावर गेलो तर घरचे मामा पार वाळलेले, काठी टेकत बसलेले. मामींनी सगळं सांगितलं. ताप भरला, उतरेना. एका गावात सुई टोचली, दुसऱ्या गावात सलाईन लावलं. मलेरियाचं रगत तपासलं, डेंगूचं तपासलं, टायफॉईड थोडा निघाला म्हणून त्याच्या गोळ्या झाल्या. ताप तसाच. मग मनगटावर, घोट्यांवर तांबडे ठिपके उठले आणि ते तळहात-तळपायांवर गेले. मामा बरळायला लागल्यावर जीपमध्ये घालून शहरात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद बघायच्या आधी विचारलं, "मामा काम काय करतात?"

"मेंढरं हायेत आमची."

"कुत्री आहेत? अंगावर गोचीड चढतो का?"

मामी मला म्हणाल्या, "ह्ये इचारणारी ती पयलीच बघा. म्या म्हणलं, बाई, गोचीड काय, रोज रात्री अंगावरनं काढतोत." डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. दोन दिवसांत ताप उतरला, चौथ्या दिवशी मामांनी भाकरी मागितली.

मी माणसांचा डॉक्टर नाही आणि त्या आजाराची चिठ्ठीही मी पाहिली नाही. पण तापानंतर तळहात-तळपायांवर पुरळ, गोचिडाशी रोजचा संबंध आणि एका विशिष्ट औषधाने झपाट्याने उतार, हे तिन्ही एकत्र आलं की डॉक्टरांच्या डोक्यात रिकेट्सिया जंतूंचा ताप येतो. त्यातला एक प्रकार आपल्या देशात इंडियन टिक टायफस म्हणून ओळखला जातो. नावात टायफस असला तरी टायफॉईडशी त्याचा काही संबंध नाही. तो पसरवण्यात कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडाचा हात मोठा. हे जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात घर करतात, म्हणून पुरळ उठतं, आणि दुर्लक्ष झालं तर मेंदू, फुप्फुस, मूत्रपिंड यांच्यापर्यंत आजार पोचतो. अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी विदर्भातल्या मुलांमधला हा ताप बारकाईने अभ्यासला आणि लक्षणांवरून, साध्या तपासण्यांवरून तो ओळखायची एक गुणपद्धत 2011 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली. म्हणजे हा आजार परमुलखातला नाही. गवतातल्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस हा त्याचा चुलतभाऊ. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याने अनेक बळी घेतले. गवत कापणारे, जनावरं चारणारे, रानात बसून जेवणारे असेच लोक त्यात जास्त होते. त्यात चावलेल्या जागी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि काखेत किंवा जांघेत असल्याने कुणी बघतही नाही.

या दोन्ही तापांवरचं मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन. जुनं, स्वस्त, सरकारी दवाखान्यातही असणारं. वेळेवर मिळालं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरू लागतो. रक्ताची खात्रीशीर तपासणी तालुक्याच्या पातळीवर सहज होत नाही, आणि जी वेल-फेलिक्स चाचणी बऱ्याच ठिकाणी होते ती पहिल्या आठवड्यात पुष्कळदा काहीच दाखवत नाही. त्यामुळे जाणते डॉक्टर अहवालाची वाट न बघता लक्षणांवरून आणि रुग्णाच्या कामावरून औषध सुरू करतात. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की इथे रुग्णाचं काम हीच अर्धी तपासणी आहे. मेंढरं, कुत्री, गोठा, गवत हे चार शब्द जर डॉक्टरांच्या कानावर पहिल्या दिवशी पडले, तर मामींना तीन दवाखाने फिरावे लागत नाहीत. आणि नेहमीच्या तापांच्या गर्दीत बसलेल्या डॉक्टरांना दोष देऊन हे सुटणार नाही. रांगेत पन्नास माणसं तापाची असतात. सांगायची सवय आपल्याच लोकांना लागायला हवी.

ती लावणं सर्वांत अवघड आहे ते ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बाबतीत. दसरा झाला की आमच्या भागातल्या नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन निघतात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, काही कर्नाटकात. बैलगाडीवर तोड करणाऱ्यांचे बैल बरोबर असतात. कारखान्याजवळच्या तळावर पाचटाच्या कोप्या, दोन हातांवर बैल, मध्ये चूल, आणि कोपीच्या आडव्या लाकडाला लेकराची झोळी. आजूबाजूला शेकडो बैल, वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, आपापले गोचीड घेऊन आलेले. रात्री बैल बसतात त्याच जमिनीवर सकाळी पोरं खेळतात. तोडीला गेलेल्या बाईने परतल्यावर स्वयंपाक करायचा, पाणी आणायचं, लेकरांचं बघायचं, आणि बैलांचे गोचीडही तिनेच काढायचे.

अशा तळावर ताप आला तर काय होतं, हे हंगाम संपवून पाडव्याच्या आगेमागे परतलेल्या बायांकडून मी पुष्कळदा ऐकलं आहे. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून आधी मेडिकलमधून गोळी, मग जवळच्या कुणाकडून सुई, आणि पुन्हा फडात. ताप पाचव्या-सहाव्या दिवशी दवाखान्यात पोचतो. तिथल्या डॉक्टरांना समोर दिसतो तो एक थकलेला ऊसतोड मजूर. ऊस तोडतो म्हटल्यावर बैल आलेच, हे शहरी माणसाच्या लक्षात येत नाही, आणि बैलाचा तापाशी संबंध असेल हे मजुराला माहीत नसतं. दोघंही प्रामाणिक असून निदान हुकतं.

ही सवय लागू शकते, याचं कोकणातलं उदाहरण मी इथल्या बैठकांमध्ये आवर्जून देतो. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ लाकूडफाट्याला जाणारी माणसं तापाने पडू लागली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, गोचिडातून येणारा नवाच विषाणू शोधला. लोक त्याला माकडताप म्हणतात. अनेक वर्षं तो त्याच भागात होता. मग 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात तो उगवला. काजूच्या बागांत, जंगलाच्या कडेला राबणारी माणसं त्यात सापडली. आमच्या माळावर तो येण्याचं कारण नाही. त्याला सह्याद्रीचं दमट रान आणि तिथला वेगळा गोचीड लागतो. पण तिथे जे घडलं ते शिकण्यासारखं आहे. माकड मेलेलं दिसलं की गावकरी कळवतात, कारण मेलेल्या माकडावरून उतरलेले गोचीड भोवतालच्या पाल्यापाचोळ्यात पसरतात हे आता त्यांना माहीत आहे. मग त्या जागेभोवती पावडर मारली जाते. कर्नाटकात रानात जाणाऱ्यांना अंगाला लावायचं तेल दिलं जातं. काजूच्या हंगामात ताप आला की रानात गेला होतात का, हा प्रश्न तिथल्या आरोग्यसेवकाच्या तोंडून आपोआप निघतो. माणसं गेल्यावर ही सवय लागली. आपल्याकडे त्याआधीच लागावी, एवढंच मला वाटतं.

गोचीड मारायच्या औषधांबद्दलही बोलायला हवं, कारण एका संकटातून दुसरं इथेच जन्म घेतं. 2022 मध्ये लम्पी आला, बाजार बंद झाले, गोठोगाठी फवारणी झाली. गोचीड, गोमाशा यांनी आजार पसरतो हे त्या वर्षी लोकांना पटलं, ही जमेची बाजू. पण फवारणी म्हणजे काहीही फवारायचं असा समज झाला. सोयाबीनवर, कपाशीवर मारायचं कीटकनाशक अंदाजाने बादलीत ओतून गाईला चोळलेलं मी पाहिलं आहे. गाय अंग चाटते. तासाभरात तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. मग ॲट्रोपिन घेऊन धावायचं. गाय वाचली तरी ते चोळणाऱ्या बाईच्या हातांतून तेच विष तिच्या अंगात गेलेलं असतं, आणि तिचं डोकं दुखतंय, मळमळतंय याची दखल कुणी घेत नाही.

जनावरांसाठीची औषधं वेगळी असतात : डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ, फ्लुमेथ्रिन, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. कोणतं, किती, गाभण जनावराला चालेल का, दूध किती दिवस वापरायचं नाही हे विचारूनच. फवारणी ऊन उतरल्यावर करावी, आधी जनावराला पोटभर पाणी पाजावं, तोंडाला मुसकं बांधावं, अंगावर जखम असेल तर थांबावं. आणि फक्त गाय धुऊन भागत नाही. एक मादी खाली उतरून फटीत हजारो अंडी घालते, म्हणजे अंगावर दिसणारा गोचीड हा गोठ्यातल्या गोचिडाचा लहानसा वाटा असतो. भिंतीच्या सांदी बुजवणं, चुना मारणं, गव्हाणीखालची घाण काढणं, अंड्यांतून पिल्लं निघतील तेव्हा दुसरी फवारणी करणं, हे केल्याशिवाय औषधाचा पैसा वाया जातो. गोठ्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्याही पुष्कळ गोचीड टिपतात. घरातल्या कुत्र्याला यातून वगळू नये. त्याच्या कानातला गोचीड पोरांच्या सगळ्यात जवळ असतो.

हातमोजे घाला असं सांगणं सोपं आहे. पहाटे अंधारात, थंडीत, तीन गाईंच्या धारा उरकायच्या असताना रबरी मोजे कोण शोधणार? म्हणून मी बायांनाच विचारलं की तुम्हाला काय जमेल. त्यांनीच उपाय काढला. दुधाची रिकामी पिशवी धुऊन हातात घालायची आणि धार झाल्यावर गोचीड वेगळे काढायचे, धारेच्या मध्ये नाही. काढलेला गोचीड चिरडायचा नाही; झाकणाच्या बाटलीत फिनेल घालून त्यात टाकायचा आणि भरली की खोल पुरायची. मग साबणाने हात. माणसाच्या अंगाला चिकटलेला गोचीड विडीने चटका देऊन किंवा रॉकेल, तंबाखू लावून काढू नये, कारण त्याने तो आपल्या पोटातलं जखमेत ओकण्याची भीती असते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरावा आणि न पिळता सरळ ओढावा. भुवया कोरायचा चिमटा हल्ली बऱ्याच घरांत असतो, तो चालतो. रिकेट्सियाचे जंतू अंगात उतरायला गोचीड काही तास चिकटलेला राहावा लागतो, त्यामुळे संध्याकाळी रानातून आल्यावर पोरांच्या केसांत, कानामागे, काखेत, जांघेत बघून घेतलं तर बरंच काही टळतं. ज्या काकूंचं मी वर सांगितलं, त्यांची सून आता बाटली वापरते. काकू वापरत नाहीत, पण सुनेला अडवतही नाहीत.

गेल्या काही हंगामांपासून दसऱ्याच्या आधी जोड्यांचे बैल तपासायला येतात तेव्हा मी घरटी एक चिठ्ठी देतो. मोठ्या अक्षरांत दोन ओळी : या कुटुंबाचा जनावरांशी रोजचा संबंध आहे, गोचीड हाताने काढतात. ताप आल्यास ही चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. खाली माझा फोन. आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ती ठेवायला सांगतो. पुष्कळांच्या हरवतात, भिजतात, चुलीत जातात. मागच्या हंगामात मात्र सांगलीकडच्या एका तळावरून फोन आला. एका पोरीला पाच दिवस ताप, आणि नवरा तिला घेऊन दवाखान्यात उभा. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून स्वतःच फोन घेतला होता. त्यांनी विचारलं, जनावरं कोणती, किती महिन्यांपासून बरोबर आहेत, बैलांचे गोचीड घरातलं कोण काढतं. मी म्हटलं, तीच काढते. त्यांनी तिच्या काखेत, कानामागे नीट बघतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. पोरगी बरी होऊन पाडव्याला गावी आली. औषध कोणतं दिलं ते तिच्या नवऱ्याला आठवत नव्हतं. या दसऱ्याला चिठ्ठ्या आशाताईंच्या हातून द्यायचं ठरलं आहे, कारण घरातली बाई माझ्यापेक्षा त्यांच्याशी मोकळं बोलते, आणि एक गठ्ठा मुकादमांकडेही जाणार आहे.